खुलासा: ‘ओल्ड टाउन रोड’ १९ आठवडे पहिलं होतं, पण कंट्री चार्टवर नव्हे

अमेरिकन रॅपर लिल नास एक्सचं हे गाणं ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन संगीतविषयक नियतकालिकाच्या कंट्री चार्टवर (म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागात रुजलेल्या कंट्री संगीताच्या लोकप्रियतेच्या यादीवर) १९ आठवडे अव्वल होतं, अशी माहिती फिरते आहे. ती चूक आहे. १३ एप्रिल ते १७ ऑगस्ट २०१९ या तारखांचे ते १९ आठवडे ‘हॉट १००’ या सर्वसाधारण चार्टवरचे. ‘हॉट कंट्री साँग्ज’वर गाणं १६ मार्चच्या यादीत १९व्या क्रमांकावर आलं आणि पुढच्याच आठवड्यात काढलं गेलं. त्यात आजच्या कंट्री संगीताचे पुरेसे घटक नाहीत, असं कारण बिलबोर्डने दिलं. हे कारण कुणाला पटो न पटो, आकडे बदलत नाहीत.

गोंधळाचं मूळ चार्टांच्या नावांत आहे. ‘हॉट कंट्री साँग्ज’ २०१२पासून स्ट्रीमिंग, विक्री आणि सगळ्या प्रकारच्या रेडिओवरचं प्रसारण एकत्र धरतो. ‘कंट्री एअरप्ले’ फक्त कंट्री रेडिओ मोजतो. या दुसऱ्या चार्टवर गाण्याची मजल ५०व्या क्रमांकापर्यंतच गेली.

कंट्री गायक बिली रे सायरससोबतच्या रिमिक्समुळे, म्हणजे गाण्याच्या नव्या आवृत्तीमुळे, गाणं पहिलं आलं, हेही अर्धसत्य. रिमिक्स आलं ५ एप्रिलला, शुक्रवारी. १३ एप्रिलच्या यादीसाठी स्ट्रीमिंग आणि विक्रीची मोजणी आदल्याच दिवशी, गुरुवारी संपली होती. म्हणजे पहिला क्रमांक मूळ गाण्याने एकट्याने मिळवला. रिमिक्सचे आकडे त्यात २० एप्रिलच्या यादीपासून मिळवले गेले. पुढे इतके आठवडे टिकायला मात्र त्यांचा भरपूर हातभार लागला.