त्या मिऱ्याच्या पुडीचं काय?

डच स्टिल लाइफवरचा (म्हणजे भांडी, फळं, खाद्यपदार्थ अशा निर्जीव वस्तूंच्या चित्रांवरचा) लेख नुकताच वाचला. लेखात म्हटलंय की या चित्रांमधल्या महागड्या वस्तू म्हणजे 'सगळं क्षणभंगुर आहे' असा उपदेश. कवटी, विझलेली मेणबत्ती असेल तिथे ठीक, पण सगळीकडे तेच लावणं मला पटलं नाही. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये चित्रकार पीटर क्लासचं १६२७ चं, टर्की पक्ष्याचा 'पाय' (pie, मांस भरून भाजलेला पदार्थ) असलेलं चित्र आहे, त्यात नॉटिलस शिंपल्याचा पेला, चिनी पोर्सलीन आणि पंचांगासारख्या छापील कागदाच्या पुडीत मिरी, अगदी आपल्या वाण्याकडची पुडी! मी त्या पुडीसमोरच किती वेळ उभी होते. हा उपदेश कसला, हा तर आमच्या घरात काय काय येतं ते दाखवायचा अभिमान आहे.

आणि हा माल आला कसा त्यावर लेखात एक ओळ नाही याचं जास्त वाईट वाटलं. या चित्राच्या सहाच वर्षं आधी, १६२१ मध्ये, जायफळाच्या मक्तेदारीसाठी डच ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर-जनरल कून याने आजच्या इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर हजारो माणसं मारली. माझं माहेर वेंगुर्ल्याचं, तिथे याच कंपनीच्या वखारीचे पडके अवशेष बघत मोठी झाले, त्यामुळे मला ती चकचकीत भांडी नुसती सुंदर म्हणून बघताच येत नाहीत.