फ्रेंच जेवायला जाताना घ्यावयाची काळजी

कोरेगाव पार्क किंवा कल्याणीनगर भागातील एखाद्या उंची फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये सहकुटुंब जेवायला जाण्याचा बेत तुमच्या घरी शिजत असेल, तर सर्वप्रथम घरातील शाकाहारी माणसांची यादी करावी आणि त्यांना शक्यतो घरीच ठेवून जावे. हा सल्ला ज्यांना निष्ठुर वाटेल त्यांनी थोडा धीर धरावा. सासू-सासऱ्यांच्या लग्नाचा सुवर्णमहोत्सव साजरा करायला आम्ही गेल्या रविवारी अशाच एका ठिकाणी गेलो होतो आणि पुढील सर्व सूचना त्या रात्रीच्या बिलासोबतच आमच्या पदरात पडल्या आहेत.

टेबल आधीच राखून ठेवावे. त्या वेळी फोनवर तुमचे नाव, प्रसंग, ॲलर्जी आणि आहारातील पथ्ये अत्यंत आपुलकीने विचारली जातात. ती तुम्ही तितक्याच आपुलकीने सांगावीत आणि त्यातले अक्षरही स्वयंपाकघरापर्यंत पोहोचणार नाही, हे गृहीत धरावे. कोथरूडहून निघणार असाल तर नळस्टॉपवरून जावे की म्हात्रे पुलावरून, हा वाद आदल्या दिवशीच मिटवून टाकावा, कारण पंधरा मिनिटांहून अधिक उशीर झाल्यास टेबल दुसऱ्याला दिले जाते.

पार्किंगविषयी काहीही विचारू नये.

मेनू हाती आल्यावर पदार्थाच्या नावावर बोट ठेवावे, उच्चार करू नये. भाचीने अकरावीत गुणांसाठी फ्रेंच घेतलेले असेल तर तिला आवर्जून सोबत न्यावे, म्हणजे तीही बोटच ठेवते. ‘मिशेलिन दर्जाचा अनुभव’ असे काही मेनूवर छापलेले दिसले, तर उपाहारगृहांना तारे वाटणाऱ्या या टायर कंपनीने भारतासाठी अद्याप मार्गदर्शिकाच काढलेली नाही, असे बोलून कोणाचा रसभंग करू नये.

बसताच ‘स्टिल की स्पार्कलिंग’, म्हणजे बिनबुडबुड्यांचे पाणी की बुडबुड्यांचे, असा प्रश्न येईल. जगात पाण्याचे हे दोनच प्रकार आहेत अशी मनाची समजूत घालून २७५ रुपयांची बाटली मुकाट्याने उघडू द्यावी. ‘साधे पाणी आणा’ असे म्हटल्यास वेटर तुमच्या तोंडाकडे न पाहता तुमच्या चपलांकडे पाहतो. आमचे बाबा, म्हणजे सासरे, तसे म्हणाले, आणि त्याने पाहिले. अशा प्रसंगी खुद्द फ्रान्समध्ये साधे पाणी आणि पाव जेवणाच्या किमतीतच धरलेले असतात, तसा तिथे १९६७ सालापासून आदेशच आहे आणि पिण्याचे पाणी मोफत मागता येते ही सूचना गिऱ्हाइकाला दिसेल अशी लावण्याचे बंधन २०२२ पासून तिथल्या उपाहारगृहांवर आहे, असली माहिती मोबाइलवर काढून दाखवू नये. पावाच्या टोपलीचे ३५० रुपये बिलात लागतात, हे ती टोपली न मागता टेबलावर ठेवली जाते तेव्हा कोणी सांगत नाही. पाव मात्र उत्तम होता. वरचा पापुद्रा मोडताना आवाज यावा आणि आतला भाग ओलसर, किंचित आंबूस असावा, असा पाव पुण्यात सहसा मिळत नाही, आणि म्हणूनच राग अधिक येतो.

‘सगळे एकदमच आणा, म्हणजे सर्वांना थोडे थोडे चाखता येईल’ अशी विनंतीही करू नये. बाबांनी ती केली, तेव्हा वेटरच्या चेहऱ्यावर जे स्मित उमटले, ते एखाद्या अजाण मुलासाठी राखून ठेवलेले असते. एकोणिसाव्या शतकापर्यंत फ्रान्समधल्या बड्या घरच्या मेजवान्यांत सगळे पदार्थ एकदमच मांडले जात आणि एकामागून एक वाढण्याची पद्धत तिथे रशियाकडून आली, हे त्या वेटरला ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु आलेल्या माणसांना एकत्र जेवायचे असते, एवढे तरी ठाऊक असायला हरकत नव्हती. आमच्याकडे नणंदेची डिश उचलून नेली तेव्हा माझी डिश यायची होती, आणि ज्यांचा सोहळा होता ते दोघे अर्धा वेळ इतरांना जेवताना पाहत बसले होते.

आता सूपविषयी. कांद्याचे फ्रेंच सूप घेताना ते शाकाहारी आहे का, असे एकदा विचारून थांबू नये. आईंनी विचारले होते. ‘येस मॅम, ओन्ली ओनियन अँड चीज’ असे उत्तर मिळाले होते. सूप आले, आणि ते खरोखरच देखणे होते: मातीचे भांडे, वर भाजलेल्या चीजचा तपकिरी थर, चमचा घातला की खालून वाफ आणि तारा एकदमच वर येत होत्या. आईंनी अर्धे भांडे आवडीने संपवले. नणंदेने चव पाहिली आणि दुसरा वेटर जवळून जात असताना सहज विचारले की, नुसत्या कांद्याला इतकी खोल चव कशी काय येते? त्यावर त्याने मोठ्या अभिमानाने सांगितले की, चिकन स्टॉक असतो मॅम, आम्ही तो रोज ताजा बनवतो. स्टॉक म्हणजे कोंबडीची हाडे उकळून काढलेले पाणी. जन्मभर अंडेही न खाल्लेल्या आईंनी चमचा भांड्याशेजारी ठेवला, कापडी रुमालाची घडी घातली आणि ‘राहू दे, तुम्ही जेवा’ एवढेच म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी कशालाही हात लावला नाही.

मॅनेजरना बोलावले, तर त्यांनी मला पाकशास्त्र शिकवले. अस्सल पाककृतीत स्टॉक असतोच, मॅडम. ते आम्ही बदलू शकत नाही. अस्सल! पॅरिसच्या जुन्या ‘ले आल’ बाजारात रात्रभर पोती वाहणारे हमाल पहाटे ज्या सुपावर भूक भागवत, तो पदार्थ हे लोक ६९५ रुपयांना विकतात, तेव्हा अस्सलपणा कुठे जातो? हे सूप फ्रान्समध्ये बहुतेक ठिकाणी गोमांसाच्या स्टॉकमध्ये करतात. महाराष्ट्रात २०१५ च्या गोवंशहत्याबंदी कायद्यानंतर ते सहज शक्य नाही, म्हणून त्या जागी कोंबडी आली. म्हणजे पाककृती एकदा बदललेलीच आहे. कायद्यापुढे बदलते, गिऱ्हाइकापुढे बदलत नाही. आणि मी बदला असे म्हटलेच नव्हते. हवी ती कोंबडी घाला, तुमचे स्वयंपाकघर आहे. विचारल्यावर खरे सांगा, माहीत नसेल तर आत जाऊन विचारून या, एवढेच म्हणणे होते. ज्या मुलाने ‘ओन्ली ओनियन’ म्हटले त्याला ते माहीत नव्हते, आणि माहीत नसल्याचे कबूल करण्यापेक्षा ठोकून देणे बरे, हे त्याला कोणीतरी शिकवलेले होते. भरपाई म्हणून त्यांनी आईंसाठी चॉकलेट मूस पाठवले. त्यात अंडे किंवा जनावरांच्या हाडा-कातडीपासून काढलेले जिलेटिन आहे का, असे मी विचारले, तेव्हा मॅनेजर स्वतः आत गेले आणि बऱ्याच वेळाने बाहेर येऊन मूस परत घेऊन गेले.

बदक जरूर मागवावे. स्वतःच्याच चरबीत मंद आचेवर शिजवलेली ती तंगडी, वरची कातडी कुरकुरीत आणि आत काट्याचा नुसता स्पर्श होताच सुटणारे मांस, हे निर्विवाद अव्वल होते. त्या भटारखान्यात कोणीतरी हाताला चव असलेला माणूस घाम गाळतो आहे आणि बाहेरचे लोक त्याच्या कष्टांवर पाणी ओतत आहेत.

सूफ्ले मागवायचे असेल तर आधी आजूबाजूच्या टेबलांवर कोणाचा वाढदिवस नाही ना, हे पाहून घ्यावे. सूफ्ले म्हणजे फेसलेल्या अंड्यांच्या पांढऱ्यात कोंडलेली हवा. भट्टीतून बाहेर काढले की काही मिनिटांतच ते खाली बसू लागते. आमचे सूफ्ले काउंटरवर डौलात उभे असलेले मला दिसत होते, आणि सगळा कर्मचारीवर्ग शेजारच्या केकवर फुलबाजी लावून टाळ्या वाजवत होता. गाणे संपून ते आमच्यापर्यंत आले तेव्हा त्याच्या मधोमध खड्डा पडला होता. ‘हे असेच असते, मॅम.’

आणि मग बिल. सुपाचे ६९५ रुपये त्यात होतेच. शिवाय संपूर्ण रकमेवर दहा टक्के सेवाशुल्क होते, म्हणजे आईंना कोंबडीचे पाणी पाजल्याच्या सेवेबद्दल ६९ रुपये ५० पैसे वेगळे, आणि त्या सेवेवर पुन्हा जीएसटी. हे शुल्क काढा असे म्हटल्यावर ‘मेनूवर छापलेले आहे’ हे उत्तर मिळाले, आणि ते खरेही होते. शेवटच्या पानाच्या तळाशी, बाबांच्या चष्म्यालाही न दिसणाऱ्या अक्षरांत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजीच बजावले आहे की, हे शुल्क आपोआप बिलात लावता येत नाही. हॉटेलचालकांच्या संघटना त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी प्राधिकरणाचीच बाजू उचलून धरली. फ्रान्समध्ये तर १९८७ पासून सेवा आणि कर धरूनच किमती लावाव्या लागतात, त्याही दाराबाहेर, रस्त्यावरच्या माणसाला वाचता येतील अशा. हे सर्व ऐकून घेतल्यावर नवे बिल आले. ते आणणाऱ्या मॅनेजरने शेजारच्या दोन्ही टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, ‘सर्व्हिस चार्ज काढलाय, मॅडमना परवडत नव्हता.’

या वाक्यानंतर सल्ल्यांची भाषा टिकत नाही. शेजारच्या दोन्ही टेबलांवरची मंडळी खाली मान घालून आपापले शुल्क भरत होती, आणि माझा खरा राग त्यांच्यावर आहे. रिक्षावाल्याने मीटरवर दहा रुपये जास्त मागितले तर भर चौकात त्याची शाळा घेणारे आपण पुणेकर, काटे-सुऱ्या आणि मंद दिवे दिसले की हजार-दीड हजार रुपये बेकायदा उकळू देतो, कारण आपल्याला गावंढळ म्हटले जाईल याची धास्ती वाटते. अरे, म्हणू द्या! बिल हातात आले की आधी तळ वाचा, शुल्क काढायला लावा, नाही काढले तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तिथेच बसून फोन लावा.

आणि रेस्टॉरंट चालवणाऱ्यांनो, तुम्ही फ्रान्सहून ताठा तेवढा आणलात. गिऱ्हाइकाला तिथे जे हक्काने मिळते ते सगळे विमानतळावरच सोडून आलात. तुमचे बदक कितीही चांगले असो, सत्तरी ओलांडलेल्या बाईने सरळ विचारलेल्या प्रश्नाचे सरळ उत्तर देता येत नसेल तर तुमच्या त्या कडक इस्त्रीच्या ॲप्रनला काडीचाही अर्थ नाही. उद्याच्या उद्या मेनू नव्याने छापा आणि सुपाच्या नावाखाली ‘यात कोंबडी आहे’ असे मोठ्या अक्षरांत लिहा. फ्रेंचमध्ये लिहिलेत तरी चालेल, आमची भाची वाचेल.