गाडी घसरली की दोष गाडीवाल्याचाच का?

"पोऱ्या जोरमा चालाडी राह्यना व्हई!"

रस्त्यात मोटरसायकल आडवी दिसली की गर्दीतून हे वाक्य येतंच. म्हणजे, पोरगा जोरात चालवत असणार! पडलेला माणूस अजून उठलेला नसतो, ढोपरातून रक्त वाहत असतं, डब्यातली भाजी डांबरावर सांडलेली असते, पण निकाल लागून मोकळा. तो किती वेगात होता, हे बोलणाऱ्याने पाहिलेलं नसतं. चाकाखाली काय होतं, ते वाकून बघायचीही कुणाला गरज वाटत नाही. डोकं फिरतं माझं हे वाक्य ऐकलं की! पावसाळ्याचे चार महिने धुळे, जळगाव, नंदुरबार जिल्ह्यांतली माणसं दुचाकीवर कामाला जातात, शाळेत शिकवायला जातात, दूध घालतात, बाजार करतात. त्या सगळ्यांना गाडी चालवता येत नाही का?

चाकाखाली काय असतं ते मी सांगतो. काळी माती असते. पाऊस उघडला की ट्रॅक्टर वावरातून निघतो, टायरच्या खाचा चिखलाने गच्च भरलेल्या, आणि तो तसाच डांबरी रस्त्यावर चढतो. पुढे लांबपर्यंत ढेकळं सांडत जातो. कडक ऊन पडलं तर ती सुकतात तरी, पण वरून रिमझिम सुरू झाली की विरघळतात, ट्रक-कार त्यावरून गेल्या की चपटी होतात, आणि रस्त्याच्याच रंगाचा एक पातळ थर तयार होतो. साबण लावलेल्या फरशीसारखा. लांबून दिसत नाही, रात्री तर अजिबातच नाही. ब्रेक दाबला तर मागचं चाक बाजूला पळतं, नाही दाबला तर हँडल हातात राहत नाही. चारचाकीवाल्याला यातलं काही कळतही नाही. तो काच वर करून निघून जातो.

शेतकऱ्याच्या अडचणी मला कुणी सांगू नयेत, माझं घरही शेतीवरच चाललंय. पेरणीच्या दिवसांत श्वास घ्यायला वेळ नसतो हे मान्य. पण बांधावर पाच मिनिटं थांबून फावड्याने टायरचा चिखल खरवडायला काय लागतं? रस्त्यावर पडलेली चार मोठी ढेकळं बाजूला ओढायला काय लागतं? त्याच रस्त्याने तुमचा मुलगा कॉलेजला जातो ना? रावेर, सावदा, फैजपूरकडे आणखी वेगळं. केळीच्या गाड्या रस्त्याला खेटूनच भरायच्या, आणि भरून झाल्या की पाला, दांडे, सगळं तिथेच टाकून द्यायचं. ओल्या डांबरावर पडलेल्या केळीच्या पाल्यावर चाक गेलं की काय होतं, ते पडलेल्यालाच विचारा.

आणि ठेकेदार! रुंदीकरणाच्या नावाखाली रस्ता उकरून ठेवायचा, वळणरस्त्यावर नुसता मुरूम टाकायचा, आणि पहिल्याच पावसात त्याचा राडा झाला की गायब व्हायचं. खड्डा बुजवायचा तोही मुरुमानेच. दोन सरी पडल्या की मुरूम वाहून जातो, खाली उघडी खडी राहते, म्हणजे खड्डाही आहे आणि त्याच्या पुढे घसरगुंडीही आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आलं. रस्ता ठरलेल्या दर्जाप्रमाणे बांधला नाही, राखला नाही आणि त्यामुळे कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्याने मृत्यू झाल्यास कुटुंबाला ६ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. हे पडलेल्या माणसाच्या घरच्यांना कोण सांगतं? पंचनाम्यात काय लिहिलं जातं ते बघा: चालकाचा ताबा सुटला. ताबा का सुटला, ते लिहा की! मुरूम होता लिहा, चिखल होता लिहा, रात्री तिथे एक बॅटरीचा दिवासुद्धा नव्हता हे लिहा.

आम्हाला शिकवायला मात्र सगळे तयार. पुढचा ब्रेक एकदम दाबू नका, हळूहळू दाबा. पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवा. पांढऱ्या पट्ट्यावर, पुलाच्या लोखंडी जोडावर ब्रेक मारू नका. टायर गोटा व्हायच्या आत बदला. पहिल्या सरीला जास्त जपा, उन्हाळाभराची धूळ आणि ऑइल तेव्हा वर येतं. सगळं खरं आहे आणि रोज गाडी चालवणारा हे सगळं करतोही. पण एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय, सक्तीचं झालं, आणि आमच्याकडे खेड्यापाड्यांत बरेच लोक चालवतात ती शंभर-एकशेदहाची ड्रम ब्रेकवाली गाडी. म्हणजे ज्याचा रस्ता सर्वात वाईट, त्याच्याच चाकाला कुलूप लागायचं. अशा माणसाला "जपून चालवा" एवढंच ऐकवून मोकळं व्हायचं?

वाऱ्याचं तर कुणी बोलतच नाही. एका बाजूला सातपुडा, दुसऱ्या बाजूला सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा, मधून तापीचं खोरं. पश्चिमेचा वारा या पट्ट्यातून सुसाट निघतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला एवढ्या पवनचक्क्या काय शोभेला उभ्या केल्यात? जूनच्या तोंडाला वावधन, म्हणजे वादळी वारा, आलं की उभ्या केळीच्या बागा आडव्या होतात. मग शंभर-सव्वाशे किलोच्या गाडीचं आणि वर बसलेल्या माणसाचं काय होत असेल? पूर्व-पश्चिम महामार्गावर हा वारा निदान समोरून किंवा पाठीमागून येतो. उत्तर-दक्षिण रस्त्यावर तो थेट कुशीत शिरतो, आणि पुलावर सगळ्यात वाईट. सावळदे, सारंगखेडा, विदगाव, तापीच्या कुठल्याही पुलावर पावसात गाडी घालून बघा. दोन्ही बाजूंना आडोसा नाही, खाली पाणी, आणि शेजारून ट्रक घासून जातोय. ट्रक आला की वारा एकदम अडतो, आपण वाऱ्याकडे कललेलो असतो ते तसेच ट्रककडे झुकतो, आणि ट्रक पुढे गेला की तोच झोत धाडकन अंगावर येतो. हँडल घट्ट आवळून धरलं तर गाडी जास्तच हलते. गुडघे टाकीला दाबून हात सैल सोडावे लागतात. हे करता करता माणूस मागून हॉर्न बडवणाऱ्याला जागा कुठून देणार? साईडपट्टी आहेच कुठे? आहे तिथे डांबरापेक्षा वीतभर खाली, आणि तीही चिखलाने भरलेली. ट्रकवाल्यांनो, दोन हात लांबून ओव्हरटेक केलं तर डिझेल संपणार आहे का तुमचं?

पूर्वी रस्त्याच्या दुतर्फा मोठाले कडुनिंब होते, वारा अडायचा. चौपदरीकरणात ते तोडले. त्या जागी कुठे रोपं लावली असतील तर ती कण्हेरीची, दुभाजकात.

आपल्या माणसांवरही माझा राग आहे. मागे बसून छत्री उघडणाऱ्या बायांनो आणि बाप्यांनो, थांबवा हे! वाऱ्याची एक झुळूक त्या छत्रीत शिरली की चालवणाऱ्याची मान, हँडल आणि तोल एकदम मागे ओढला जातो. मांडीवर लेकरू असतं हो तुमच्या! भिजलात तर कपडे बदलता येतात. आणि ते टोपीसारखं डोक्यातून घालायचं प्लास्टिकचं घोंगतं. फडफडत चेनमध्ये, चाकात जातं. त्यापेक्षा पँट-शर्टवाला रेनकोट घ्या, साडीचा पदर आणि ओढणी आत खोचा.

या सगळ्यावर एकच खात्रीचा उपाय: वावधन उठलं की थांबायचं. तर थांबू कुठे? रुंदीकरणात एसटीचे पिकअप शेड पाडले ते कित्येक ठिकाणी परत बांधलेच नाहीत. झाडाखाली उभं राहावं तर वीज पडायची भीती, फांदी कोसळायची भीती. पेट्रोल पंप मैलोन्मैल नाही. एखाद्या टपरीच्या पत्र्याखाली जीव मुठीत धरून पोरं उभी राहतात, पाऊस ओसरला की निघतात आणि कामावर पोचतात, तर तिथे हजेरीच्या रजिस्टरवर लाल शाई. अर्धा दिवस कापला. साहेब एसी गाडीतून आलेले असतात. पावसात वीस मिनिटं थांबलेल्या पोराचा पगार कापून तुम्ही त्याला उद्या थांबू नको असंच सांगता आहात. मग उद्या तो थांबणार नाही, तसाच पुलावर गाडी घालेल. कापलेला तो अर्धा दिवस परत द्या, आणि आपल्या ऑफिसच्या दारावर लिहून लावा की वादळात उशीर झाला तर चालेल.