२०३५ची विमानं आजच मागवून झाली आहेत

एक मजकूर बरीच वर्षं फिरतो आहे. त्यातले दावे थोडक्यात असे: २०३५पर्यंत प्रवासी विमानं बॅटरीवर किंवा हायड्रोजनवर उडतील, कॉकपिटमध्ये पायलट उरणार नाही, आणि तोवर 'सॅफ' म्हणजे शाश्वत विमान इंधन भरलं की इंजिनातून कार्बन बाहेर पडणार नाही. म्हणून पायलट होऊ नका, जेट इंजिनाचं काम शिकू नका, असा सल्ला शेवटी असतो. या सल्ल्यावर भरवसा ठेवून मुलं करिअर ठरवतात, म्हणून एकेक दावा नीट तपासायला हवा.

आधी ती तारीखच घ्या. २०२४च्या अखेरीस एकट्या एअरबसकडे ८,६५८ विमानांच्या ऑर्डर बाकी होत्या आणि त्या वर्षात तिने ७६६ विमानं दिली. त्या वेगाने सगळी द्यायला ११ वर्षांहून जास्त लागतात. यातली बहुसंख्य विमानं ए३२०निओ कुटुंबातली, म्हणजे जेट इंधनावर चालणारी आहेत. प्रवासी विमान साधारण २० ते २५ वर्षं सेवेत राहतं. म्हणजे २०३४ साली कारखान्यातून निघणारं विमान २०५५च्या आसपासही उडत असेल. नवं तंत्रज्ञान उद्या सिद्ध झालं, तरी ताफा बदलायला एक पिढी जाते.

आता बॅटरी. ए३२०निओला दोन तासांच्या उड्डाणाला ढोबळमानाने ५ टन इंधन लागतं. एक किलो जेट इंधनात सुमारे १२ किलोवॉट-तास ऊर्जा असते, म्हणजे एकूण ६०,००० किलोवॉट-तास. जेट इंजिन यातली जास्तीत जास्त ४० टक्के कामाला लावतं, म्हणजे २४,०००. इलेक्ट्रिक यंत्रणा ९० टक्के कार्यक्षम धरली, तर बॅटरीत सुमारे २६,७०० किलोवॉट-तास साठवावे लागतील. कूलिंग, आवरण आणि आगीपासून संरक्षण धरून आजचा चांगला बॅटरी पॅक किलोमागे सुमारे ०.२ किलोवॉट-तास देतो. हिशोब येतो १३३ टनांचा. या विमानाचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजनच ७९ टन आहे, आणि राखीव इंधन आपण अजून धरलेलंच नाही. पर्यायी विमानतळापर्यंतचं इंधन आणि वर ३० मिनिटं घिरट्या घालता येतील एवढा साठा बाळगावाच लागतो. बॅटरीची क्षमता दुप्पट झाली तरी आकडा ६७ टनांवर थांबतो, आणि बॅटरीशिवायचं रिकामं विमानच चाळीसेक टनांचं असतं.

दुसरी अडचण सहसा कुणी सांगत नाही. इंधन जळतं तसं विमान हलकं होत जातं, बॅटरी मात्र उतरतानाही तेवढीच जड असते. ए३२०निओचं लँडिंगचं कमाल वजन ६७.४ टन आहे, उड्डाणाच्या वजनापेक्षा ११.६ टनांनी कमी. लँडिंग गिअर, ब्रेक आणि पंखांची मुळं याच हिशोबाने बांधलेली असतात. उड्डाणाच्याच वजनाने उतरायचं तर हे सगळं मजबूत, म्हणजे आणखी जड करावं लागतं. शिवाय एवढी बॅटरी तासाभरात चार्ज करायची तर एका विमानाला सुमारे २७ मेगावॉट वीज हवी.

बॅटरीची विमानं नाहीतच असं नव्हे. पिपिस्ट्रेल व्हेलिस इलेक्ट्रोला जून २०२०मध्ये युरोपच्या नियामकाने, ईएएसएने, प्रमाणपत्र दिलं. ते दोन आसनांचं आहे, सुमारे ५० मिनिटं उडतं, आणि धावपट्टीभोवती सर्किट मारायला शिकवण्यासाठी उत्तम आहे. बॅटरीचं खरं काम तिथे आहे.

हायड्रोजनचं वजन ही अडचण नाही. तेवढ्याच ऊर्जेसाठी तो जेट इंधनाच्या जेमतेम एक-तृतीयांश वजनाचा लागतो. अडचण आकारमानाची आहे. उणे २५३ अंशांवर द्रव करूनही तो चौपट जागा घेतो. त्याच्या गोल, जाड आवरणाच्या टाक्या पंखांत मावत नाहीत, म्हणून त्या धडात जातात आणि आसनांची जागा खातात. भरण्याच्या नळीचं व्हॅक्यूम आवरण कुठे निकामी झालं, तर बाहेरची हवाच तिच्यावर द्रव होऊन ठिबकू लागते, आणि त्या थेंबांत ऑक्सिजनचं प्रमाण वाढलेलं असतं. खाली डांबर किंवा ग्रीस असेल तर आगीचा धोका. सोव्हिएत तुपोलेव टीयू-१५५ हे विमान एक इंजिन हायड्रोजनवर चालवून १९८८मध्येच उडालं होतं. प्रश्न उडण्याचा कधीच नव्हता, रोजच्या वाहतुकीचा आहे. एअरबसनेही हायड्रोजन विमानाचं २०३५चं आपलं लक्ष्य फेब्रुवारी २०२५मध्ये पुढे ढकललं.

पायलटबद्दल म्हणतात, विमान आपोआप उतरतंच ना? उतरतं, पण अटींवर. ए३२०च्या ऑटोलँडला, म्हणजे आपोआप उतरण्याच्या यंत्रणेला, आडव्या वाऱ्याची मर्यादा २० नॉट (ताशी सुमारे ३७ किलोमीटर) आहे. हाताने उतरवताना ती बरीच जास्त असते. आणि खरी कसोटी यंत्रणेलाच चुकीची माहिती मिळते तेव्हा लागते. ४ नोव्हेंबर २०१० रोजी क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीच्या ए३८०चं दुसऱ्या क्रमांकाचं इंजिन सिंगापूरहून निघाल्यावर फुटलं. टर्बाइन डिस्कच्या तुकड्यांनी पंखातल्या तारा तोडल्या, स्क्रीनवर चाळीसहून अधिक इशारे आले. कोणता इशारा खरा आणि कोणता तुटलेल्या तारेमुळे आला, हे कॉकपिटमधल्या पाच पायलटांनी एकेक करून पडताळलं. विमान सुखरूप उतरलं, तरी पहिलं इंजिन बंदच होईना, कारण त्याच्याही तारा तुटल्या होत्या. क्रूझमध्ये, म्हणजे उंचीवर स्थिर उडतानाच्या टप्प्यात, एकच पायलट ठेवण्याच्या कल्पनेचा ईएएसएने अभ्यास करवला. दोघांइतकी सुरक्षितता दाखवता येत नाही, असा २०२५मधला निष्कर्ष आहे. मग शून्य पायलट कुठून येणार?

सॅफचा दावा निम्मा खरा आहे. एक किलो जेट इंधन जळलं की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि सॅफ जाळलं तरी जवळपास तेवढाच. बचत होते ती इंधन बनतानाच्या साखळीत, कारण त्यातला कार्बन वनस्पतींनी आधी हवेतूनच घेतलेला असतो. शिवाय आज मिश्रणात सॅफचं प्रमाण जास्तीत जास्त ५० टक्के चालतं. सॅफच्या बहुतेक प्रकारांत अ‍ॅरोमॅटिक घटक (साध्या जेट इंधनात असणारी एक प्रकारची हायड्रोकार्बन) जवळजवळ नसतात, आणि ते नसले की जुन्या यंत्रणेतले नायट्राइल रबराचे सील आकसून गळू लागतात. युरोपीय संघाची सक्तीही बघा: २०२५मध्ये २ टक्के, २०३०मध्ये ६, २०३५मध्ये २०. उरलेलं ८० टक्के साधं जेट इंधनच असू शकतं.

आणि जेट इंजिनाचं काम शिकू नका, हा सल्ला तर सरळ उलटा आहे. सीएफएम या इंजिन बनवणाऱ्या कंपनीचं 'राइज' हे आवरणाशिवायच्या पंख्याचं इंजिन २०३०च्या दशकाच्या मध्यासाठी घडतं आहे. इंधनात २० टक्क्यांहून अधिक बचत हे त्याचं उद्दिष्ट. पातं तुटलं तर अडवायला केसिंग नाही, म्हणून ते तुटणारच नाही हे सिद्ध करणं हेच त्यातलं मोठं काम. आजच्या इंजिनांचं ओझंही थोडं नाही. प्रॅट अँड व्हिटनी या दुसऱ्या इंजिन कंपनीच्या जीटीएफ इंजिनांत २०१५ ते २०२१ दरम्यान बनलेल्या डिस्कच्या धातूच्या भुकटीत अशुद्धी असल्याचं २०२३मध्ये समोर आलं. इंजिन पंखावरून उतरवायचं, पूर्ण उघडायचं, अल्ट्रासोनिकने प्रत्येक डिस्क तपासायची आणि परत चढवायचं, याला कंपनीने २५० ते ३०० दिवस धरले होते. बिघाड नसलेली विमानंही या तपासणीच्या रांगेपायी महिनोन्‌महिने जमिनीवर उभी राहिली.