घट्ट झाकण, 21 दिवस आणि खायचा सोडा: नाताळच्या वाईनच्या त्या मेसेजला उत्तर

नोव्हेंबर लागला की तो मेसेज फिरायला लागतो. यंदा मला तो तीनदा आला: इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर, वसईच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर आणि थेट मावशीकडून. मजकूर थोडक्यात असा. 1 किलो काळी द्राक्षं, 1 किलो साखर, 2 लिटर उकळून गार केलेलं पाणी, चमचाभर ब्रेडचं यीस्ट, मूठभर गहू, दालचिनी, लवंग. सगळं बरणीत भरून झाकण घट्ट लावा, हवा अजिबात जाता कामा नये. 21 दिवसांनी गाळा, वाईन तयार. त्याखाली ‘अडचणी आणि उपाय’: फसफसणं थांबलं तर आणखी साखर घाला, आंबट झाली तर चिमूटभर खायचा सोडा, वर पांढरं आलं तर वाईनचं विष झालं, ओतून द्या, गढूळ राहिली तर तुरटी फिरवा, मेटाबायसल्फाइट (वाईन टिकावी म्हणून घालायची पूड) हे केमिकल आहे, त्याला हात लावू नका. आणि शेवटी ठळक अक्षरांत: घरच्यापुरती केली तर कायद्याची काही अडचण नाही.

मी वसईची. आता कॅलिफोर्नियात राहते आणि गेली बारा वर्षं दर सप्टेंबरला लोडाय गावच्या मळ्यातून द्राक्षं आणून वाईन करते. इथल्या कायद्यानुसार घरात एक प्रौढ माणूस असेल तर वर्षाला 100 गॅलन आणि दोन किंवा जास्त असतील तर 200 गॅलनपर्यंत स्वतःसाठी करता येते. या मेसेजमधल्या जवळजवळ प्रत्येक उपायाने अडचण वाढते आणि एका सूचनेने तर माणूस जखमी होऊ शकतो. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

ती सूचना म्हणजे घट्ट झाकण. यीस्ट साखर खातं तेव्हा मद्यार्क तयार होतो आणि त्याच्या जवळजवळ बरोबरीच्या वजनाचा कार्बन डायऑक्साइडही. 1 किलो साखर पूर्ण आंबली तर साधारण 280 लिटर वायू निघतो. या पाककृतीत सगळी साखर आंबणारच नाही, पण अर्ध्याहून थोडी जास्त आंबली तरी दीडशे लिटर झाला. तो चार-पाच लिटरच्या बंद बरणीत जाणार कुठे? एक तर झाकण उडेल, नाही तर काच फुटेल.

माझ्या आजीच्या चिनी मातीच्या बरणीला घट्ट झाकण कधीच नसायचं. तोंडाला दुहेरी मलमलचं फडकं, त्यावर सुतळी आणि वर पालथी ताटली. रोज सकाळ-संध्याकाळ ती लाकडी पळीने वर आलेला चोथा खाली दाबायची, कारण वर तरंगून कोरडा पडलेल्या चोथ्यावरच आधी बुरशी आणि मग आंबटपणा धरतो. तेव्हा आम्हा मुलांना बरणीला कान लावून बारीक सळसळ ऐकायला मिळायची. हवा बंद ठेवायची ही गोष्ट खोटी नाही, पण ती नंतरची आहे. पहिले पाच-सात दिवस जोरात फसफसत असताना फडकं पुरतं, कारण वर येणारा वायूच हवेला दूर ठेवतो. जोर ओसरला की चोथा गाळून रस अरुंद तोंडाच्या भांड्यात गळ्यापर्यंत भरायचा आणि एअरलॉक लावायचा. पाण्याच्या त्या छोट्या वळणातून वायू बाहेर जातो, हवा आत येत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने दुसऱ्या टप्प्याचा नियम पहिल्या टप्प्याला लावला आहे.

आता 21 दिवस. यीस्टला तारीख कळत नाही. थंड खोलीत महिना लागेल, गरम खोलीत दहा दिवसांत काम उरकेल, आणि बुडबुडे थांबले म्हणजे साखर संपली असंही नाही. मी पहिल्या वर्षी बेदाण्यांची वाईन अशीच दिवस मोजून केली होती. 21 व्या दिवशी गोड लागली, शांत दिसली, म्हणून स्क्रूच्या झाकणांच्या बाटल्यांत भरून स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवली. मार्चमध्ये ऊन तापायला लागलं तसं थंडीत झोपलेलं यीस्ट जागं झालं. एका रात्री स्फोटासारखा आवाज आला. कपाटाचं दार उघडं पडलं होतं, जमिनीवर लाल चिकट पाणी, आणि काचेचा एक तुकडा समोरच्या दाराच्या लाकडात रुतलेला. मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता आणि दुपारी त्याच कपाटासमोर भांडी घेऊन खेळत बसायचा. हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो. त्या मेसेजला उत्तर देताना मी गप्प बसू शकत नाही ते यामुळेच.

तेव्हापासून मी दिवस मोजत नाही, हायड्रोमीटर बघते. काचेची तरंगती नळी, दहा-बारा डॉलरची वस्तू. रसात साखर जास्त तेवढी ती वर तरंगते आणि पाण्याला 1.000 धरून रसाची घनता दाखवते. सुरुवातीला 1.090 दिसलं आणि शेवटी 0.995 वर येऊन ते चार-पाच दिवस हललं नाही, तर साखर संपली. दोन्ही आकड्यांतला फरक 131 ने गुणला की मद्यार्काचं प्रमाण मिळतं, इथे साडेबारा टक्क्यांच्या आसपास.

फसफसणं मध्येच थांबलं तर साखर घालायची, हा सल्ला सगळ्यात जास्त वाईन बिघडवतो, कारण बहुतेक वेळा थांबण्याचं कारण साखरच असते. मेसेजमधलाच हिशोब करू. 1 किलो साखर, द्राक्षांतली आणखी दीड-पावणेदोनशे ग्रॅम, आणि एकूण रस झाला सव्वातीन-साडेतीन लिटर. म्हणजे लिटरमागे 340 ग्रॅमच्या आसपास. एक टक्का मद्यार्काला लिटरमागे साधारण 17 ग्रॅम साखर लागते, तर ही 20 टक्क्यांची साखर झाली. ब्रेडचं यीस्ट 10-12 टक्क्यांच्या आसपास थकतं. वाईनसाठी निवडलेलं ईसी-1118 सारखं यीस्ट 18 पर्यंत जातं. दोन्ही एकाच जातीची आहेत, त्यामुळे ब्रेडच्या यीस्टने वाईन होतच नाही असं मी म्हणणार नाही. पण त्याच्यावर 20 टक्क्यांचं ओझं टाकायचं आणि ते बसलं की आणखी साखर ओतायची, हे दमलेल्या बैलाच्या गाडीत पोतं चढवण्यासारखं आहे. इतक्या साखरेत यीस्टच्या पेशीतलं पाणीच बाहेर ओढलं जातं. आपण मुरांबा टिकवतो तोही याच गुणावर.

दुसरं कारण उष्णता. 35 अंशांच्या वर यीस्ट त्रासतं आणि मरायला लागतं, आणि फसफसताना रस स्वतःही तापतो. बरणी ओट्यावर, गॅसशेजारी ठेवू नका. पाण्याच्या टबात, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली तरी चार-पाच अंशांचा फरक पडतो. तिसरं, उपासमार. साखरपाण्यात नत्र नसतं आणि बेदाण्यांतही यीस्टला पुरेल इतकं नसतं. यीस्टचं पोषक द्रव्य मिळतं ते घालावं. मूठभर गव्हाने ही गरज भागत नाही. गव्हातला पिष्ट यीस्टला फोडता येत नाही, तो वाईन गढूळ मात्र करतो.

चौथं कारण बाजारातून येतं. बाटलीबंद रसावर सोडियम बेंझोएट किंवा पोटॅशियम सॉर्बेट लिहिलेलं असेल तर तो रस आंबणार नाही, कारण त्यासाठीच ते घातलेलं असतं. द्राक्षांऐवजी बेदाणे वापरत असाल तर तेही बघून घ्या. पिवळेधमक दिसणारे बेदाणे गंधकाची धुरी दिलेले असतात, आणि काही बेदाण्यांवर तेलाचा हात असतो. वाईनसाठी काळे किंवा तपकिरी घ्या, गरम पाण्याने दोनदा धुऊन घ्या.

मग थांबलेली वाईन सोडवायची कशी? हायड्रोमीटरने साखर बघा. फारच जास्त असेल तर पाणी किंवा कमी गोड रस घालून सैल करा. कोमट, 35 ते 40 अंशांच्या पाण्यात ताजं यीस्ट वीसेक मिनिटं फुलवा (तेवढ्यापुरती ही ऊब चालते), त्यात वाटीभर थांबलेला रस घाला, तो फसफसायला लागला की आणखी दोन वाट्या, मग लिटरभर. असं जिवंत झालेलं विरजण बरणीत घाला. कोरडं यीस्ट वरून भुरभुरलं तर मद्यार्काच्या पहिल्याच धक्क्याने मरतं.

आंबटपणाच्या सल्ल्यात अर्धं खरं आहे. द्राक्षांचीच आम्लं जास्त असतील तर वाईन बनवणारे ती पोटॅशियम बायकार्बोनेटने, वजन करून, थोडी कमी करतात. पण घरी आंबट झाली म्हणतात ती बहुतेक वेळा शिरका (व्हिनेगर) व्हायला लागलेली असते. वास घ्या. नाकाला झोंबला किंवा नेलपॉलिशसारखा आला, तर ॲसिटोबॅक्टर जीवाणू कामाला लागले आहेत. ते हवेवर जगतात. अर्धी रिकामी बरणी, पुन्हा पुन्हा उघडलेलं झाकण, फळमाश्या, एवढं त्यांना पुरतं. सोड्याने आम्लाचं मीठ होईल, वाईन खारट-तुरट आणि साबणासारखी लागेल, वास तसाच राहील. उलट आम्ल कमी झाल्याने बाकीच्या जीवाणूंना मोकळं रान मिळेल. अशी वाईन परत येत नाही. तिला रुंद तोंडाच्या भांड्यात, फडकं बांधून, वाईनच्या सामानापासून लांब ठेवा आणि पूर्ण शिरका होऊ द्या. सोरपोतेल आणि विंदालूला तो उत्तम.

पांढरं आलं म्हणजे विष झालं, हे वाचून किती बरण्या मोरीत गेल्या असतील! पातळ, पिठूळ, सुरकुतलेली साय दिसली तर ते हवेवर वाढणारं रानटी यीस्ट असतं. त्याने चव पाणचट होते, पण ते विष नव्हे. नळी सायीच्या खाली घालून वाईन हळूच दुसऱ्या भांड्यात ओढा, साय मागेच राहू द्या, नवं भांडं गळ्यापर्यंत भरा. लवदार, हिरवी, काळी किंवा निळसर वाढ दिसली तर ती बुरशी, आणि ती वाईन मात्र टाकून द्यायची.

विषाची ही भीती लोकांच्या मनात मिथेनॉल या विषारी मद्यार्कामुळे आहे, आणि ती उगाच नाही. जून 2015 मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने 100 हून अधिक माणसं गेली. पण ते मिथेनॉल बरणीत आंबून झालेलं नव्हतं, औद्योगिक मिथेनॉल दारूत मिसळलेलं होतं. फळातल्या पेक्टिनमुळे (जॅम घट्ट होतो तो ज्यामुळे) वाईनमध्ये मिथेनॉल येतं, पण अगदी थोडं, विकतच्या वाईनमध्येही असतं. घरी ऊर्ध्वपातन करून कडक दारू काढायला मात्र कुणीही जाऊ नये. त्यात आगीचाही धोका आहे.

मेसेजमध्ये नसलेली पण मला सगळ्यात जास्त विचारली जाणारी तक्रार म्हणजे सडक्या अंड्याचा वास. उपाशी किंवा तापलेल्या यीस्टचं हे लक्षण. लगेच लक्षात आलं तर पोषक द्रव्य द्या आणि खळखळाट होईल अशी एका भांड्यातून दुसऱ्यात ओता, वास बराच उडून जातो. काही जण तांब्याचा चमचा फिरवायला सांगतात. तांबं तो वास खरंच धरतं, पण किती उतरलं हे घरी मोजता येत नाही. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक कसं कळकतं हे आपल्याला माहीत आहे, वाईन तर ताकासारखीच आंबट. तांब्या-पितळेपासून तिला लांबच ठेवा.

गढूळपणाला तुरटी नको. वेळ आणि थंडी द्या. साका खाली बसला की महिन्या-दीड महिन्याने नळीने वरची निवळ काढून घ्या, असं दोन-तीनदा. फळं उकळून घेतली असतील तर पेक्टिनचा धुरकटपणा आपोआप जात नाही, त्यासाठी पेक्टिन फोडणारं एन्झाइम लागतं, म्हणून मुळात उकळूच नका. आजी अंड्याचा पांढरा बलक वापरायची आणि ती पद्धत आजही खरी आहे, पण एक बलक तीसेक लिटरला पुरतो. चार लिटरच्या बरणीत अख्खा घातला तर तो रंग आणि चवही घेऊन जातो.

मेटाबायसल्फाइट म्हणजे आपल्याकडे फळप्रक्रियेच्या वर्गात शिकवतात ते केएमएस, आंब्याच्या स्क्वॅशमध्ये घालतात तेच. 10 लिटर वाईनला एक ग्रॅमही लागत नाही. यीस्ट स्वतःसुद्धा थोडा सल्फाइट तयार करतं. दम्याच्या काही रुग्णांना त्याचा त्रास होतो, म्हणून बाटली देताना सांगायला हवं. पण ते न वापरणाऱ्याने भांडी धुण्यात आणि हवा टाळण्यात दुप्पट काळजी घ्यायला हवी. मेसेज ते सांगत नाही.

कायद्याचं शेवटचं वाक्य तर सरळ चुकीचं आहे. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे आणि घरची वाईन त्यातून सुटलेली नाही. नाताळला पिढ्यान्‌पिढ्या करत आलेल्या घरांसाठी वेगळी, सोपी सोय असावी असं मला मनापासून वाटतं. पण ती आहे असं सांगून कुणाला अडचणीत टाकणं बरोबर नाही.

मावशीला मी हे सगळं फोनवर सांगितलं, तेव्हा कळलं की शेजारच्या घरात मेसेज वाचून बरणी आधीच भरली गेली आहे, सात दिवस झालेत. तशी तुमच्याही ओळखीत असेल तर त्यांना आजच फोन करा. मुलांना खोलीबाहेर पाठवा. बरणीवर जाड टॉवेल टाका, चेहरा लांब ठेवा, झाकण एकदम न काढता पाव-पाव फेऱ्याने सैल करा, सूं आवाज थांबेपर्यंत थांबा. मग झाकण बाजूला ठेवा आणि बरणीच्या तोंडाला फडकं बांधा.