आबांचं पारणं

मार्च लागला की कचऱ्याचा डबा मी रात्री अकरानंतर रस्त्याकडेला नेऊन ठेवतो. उजेडी गेलं की समोरचे आबा गाठतात, आणि गाठून एकच विचारतात, "मग, कुणाला घ्यायचं?"

आबा हे त्यांचं खरं नाव नव्हे. अमेरिकेत, ओहायोतल्या क्लीव्हलंडच्या पोलाद कारखान्यात उभा जन्म काढलेले, पोलिश घरातले हे चौऱ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ. पण पोर्चमध्ये खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला अडवायची त्यांची तऱ्हा बघितली आणि मला मिरजेच्या आमच्या वाड्यातले आबा आठवले. तेव्हापासून मनात आबाच.

आबांचं दैवत म्हणजे क्लीव्हलंड ब्राउन्स. इथला फुटबॉल आपल्या ओळखीचा नाही. चेंडू न सोललेल्या नारळाच्या घाटाचा, तो बहुतेक वेळ हातातच असतो आणि पाय फक्त पळायला. ब्राउन्सचं शेवटचं विजेतेपद 1964 सालचं, बाल्टिमोरला 27-0 असं धुतलं तेव्हाचं. आबा तेव्हा तेरा वर्षांचे होते. त्यानंतर सुपर बोल नावाचा अंतिम सामना सुरू झाला आणि ब्राउन्स आजवर त्यात एकदाही पोचले नाहीत. 2017 साली तर सोळापैकी सोळा सामने हरले. त्यावर लोकांनी जानेवारीच्या मरणाच्या थंडीत स्टेडियमभोवती वाजतगाजत मिरवणूक काढली, शून्याच्या आकारात. आबा त्यात होते. फोटो दिवाणखान्यात लावलाय, नातीच्या लग्नाच्या फोटोशेजारी.

अशा भक्तांचा एकच सण असतो, तो म्हणजे ड्राफ्ट. कॉलेजात खेळून तयार झालेली पोरं एप्रिलात तीन दिवसांत, सात राउंडमध्ये, बत्तीस टीम वाटून घेतात. आयपीएलसारखी बोली नाही, पाळी असते. आणि पहिली पाळी कुणाची? गेल्या हंगामात जो सगळ्यात शेवटी आला त्याची! मी मास्तरांच्या घरात वाढलो. आमच्याकडे शेवटून पहिल्या येणाऱ्यालाही बक्षीस असायचं, पण त्याचे वळ दोन दिवस राहायचे. ही अजब युक्ती फिलाडेल्फियाच्या बर्ट बेल यांची. त्यांची टीम सारखी हरायची, म्हणून त्यांनी ही टूम काढली, आणि 1936 साली पहिला ड्राफ्ट त्यांच्याच घराण्याच्या हॉटेलात भरला. त्यात सगळ्यात पहिला निवडलेला जे बरवँगर पुढे व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही, दुसऱ्या कामधंद्याला लागला. म्हणजे सणाला पहिल्याच दिवशी अपशकुन झालेला. तरी लोक दर वर्षी गुढ्या उभारतात.

2025 च्या ड्राफ्टला आबा जरा जास्तच पेटले होते, आणि त्याला कारण होतं. 2022 साली ब्राउन्सनी एका क्वार्टरबॅकसाठी, म्हणजे चेंडू फेकून टीमचा डाव चालवणाऱ्या सेनापतीसाठी, आपले पुढच्या तीन वर्षांचे पहिल्या राउंडचे हक्क ह्यूस्टनला देऊन टाकले, आणि त्या गड्याला वर 23 कोटी डॉलरची हमी. तो व्यवहार कसा फळला हे आबांना विचारायचं नाही. त्यांचं ब्लड प्रेशर मोजायचं यंत्र जावयाने आणून दिलंय. तर तीन वर्षं पहिल्या राउंडला आबा टीव्हीपुढे बसून इतरांच्या पंगती बघत होते. आणि आता सतरापैकी चौदा सामने हरण्याच्या पुण्याईने दुसरा नंबर पदरात पडलेला!

दुसऱ्या नंबरवरून गल्लीत तीन पक्ष पडले. आबांचा पक्ष ट्रॅव्हिस हंटरचा. कोलोरॅडो विद्यापीठाचा हा पोरगा चेंडू झेलायलाही उतरतो आणि समोरच्याला झेलू न द्यायलाही. एकाच सामन्यात दोन्ही बाजूंनी खेळणारा. कोपऱ्यावरच्या न्हाव्याचा पक्ष शेडूर सँडर्सचा, तोही कोलोरॅडोचाच. कारण क्वार्टरबॅकवाचून टीम म्हणजे नवरदेवावाचून वरात, असं त्याचं म्हणणं. 1999 पासून ब्राउन्सनी चाळीसच्या घरात क्वार्टरबॅक उतरवले, एकही टिकला नाही. आबांचे जावई आकडेमोडवाले. त्यांचं मत पेन स्टेटच्या अब्दुल कार्टरला. हा प्रतिस्पर्ध्याच्या क्वार्टरबॅकला पळता भुई थोडी करणारा. जावयांच्या लॅपटॉपवर तीनशे पोरांची कुंडली होती. फेब्रुवारीत इंडियानापोलिसला ही पोरं जमवून मोजतात. चाळीस यार्ड किती सेकंदांत पळतो, उभ्या जागी किती उडी मारतो, 225 पौंडांचं वजन छातीवरून किती वेळा उचलतो, उंची, हातांची लांबी. तळहातसुद्धा मोजतात, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत. पाव इंच कमी भरला तर देशभर चर्चा.

यात माझी पंचाईत अशी की मला मत नव्हतं. आणि मत नाही म्हणायची सोय नव्हती. तुम्ही कानाजवळ कात्री घेऊन उभ्या असलेल्या न्हाव्याला "मला नाही बुवा कळत" असं सांगून बघा. तो कात्री थांबवतो आणि तुम्हाला कळेपर्यंत समजावतो. अर्धं डोकं भादरलेल्या अवस्थेत मी सव्वा तास सँडर्सच्या पासची अचूकता ऐकली आहे.

शेवटी मला एक मंत्र सापडला, "ट्रेड डाउन". म्हणजे आपली वरची पाळी दुसऱ्याला द्यायची, बदल्यात खालची पाळी आणि वर चार हक्क घ्यायचे. हे वाक्य जरा डोळे बारीक करून, लांब बघत म्हटलं की समोरचा गप्प होतो. त्याला वाटतं, या माणसाने पुष्कळ विचार केलाय. हंटर की सँडर्स? ट्रेड डाउन. कार्टरचा खांदा दुखावलाय म्हणे? म्हणून तर, ट्रेड डाउन. दोन महिने मी या दोन शब्दांवर काढले. जावयांनी तर मला एकदा बिअर पाजली.

आई तेव्हा आमच्याकडे आलेली होती. चोवीस एप्रिल, गुरुवार, रात्री आठ वाजता ड्राफ्ट. आबांच्या तळघरात सगळ्यांचा जमाव. आणि त्या दिवशी नेमकी वद्य एकादशी. आई म्हणाली, "मी पण येते. घरी एकटी काय करू? साबुदाणा वडे करते."

तळघरात वीस माणसं, त्यातली दोन कुत्र्याचे मुखवटे घालून. इथल्या कट्टर भक्तांची ती जुनी रीत आहे, स्टेडियममध्ये त्यांचा वेगळा कोपराच असतो. आई दारात थबकली. "शिमगा उशिरा असतो का रे यांच्यात?" मग कोचावर मांडी घालून बसली आणि मला म्हणाली, सांग काय चाललंय ते. मी सांगत राहिलो. आबांचा उपास तिला फार चटकन समजला.

"तीन वर्षं?" ती म्हणाली. "निर्जळी?"

"दुसऱ्या राउंडचं थोडंफार मिळायचं."

"म्हणजे फराळ."

जावई बाजूला कुणाचे तरी नितंबाचे सांधे कसे मोकळे आहेत ते वाचून दाखवत होते. या शास्त्रात त्याला फार महत्त्व आहे, वळताना उपयोग होतो म्हणे. आईने भाषांतर मागितलं. मी केलं. "गुडघ्याला काय लावतो विचार त्याला," ती म्हणाली.

इकडे आबा माझ्याकडून वचन घ्यावं तशा सुरात जुनी दुखणी उगाळत होते. 2007, 2012, 2014, तिन्ही वेळा ब्राउन्सनी क्वार्टरबॅक घेतला तो बरोब्बर बाविसाव्या नंबरला, आणि तिन्ही वेळा हात पोळले. त्यातला एक तर तेव्हाच अठ्ठावीस वर्षांचा होता. आणि 2000 साल! त्या वर्षी 183 नंबरला ब्राउन्सनी एक क्वार्टरबॅक घेतला, पण तो टॉम ब्रेडी नव्हता. ब्रेडी 199 पर्यंत तसाच पडून होता. त्याने पुढे सात सुपर बोल जिंकले, ते दुसऱ्यांकडून. हे सांगताना आबांचा आवाज अजून बसतो. पंचवीस वर्षांपूर्वी हुकलेल्या स्थळाबद्दल आमच्या काकू बोलायच्या तसाच.

विस्कॉन्सिनात ग्रीन बेला, लॅम्बो फील्डबाहेर मांडव पडला होता. पहिला नंबर टेनेसीचा. त्यांनी मायामीचा क्वार्टरबॅक कॅम वॉर्ड घेतला. आता आपण. आबा उठून उभे राहिले. न्हाव्याने डोळे मिटले.

आणि टीव्हीवर पट्टी आली. ब्राउन्सनी आपला दुसरा नंबर जॅक्सनव्हिलला दिला. बदल्यात पाचवा नंबर, 36 वा, 126 वा आणि 2026 सालचा पहिल्या राउंडचा हक्क.

ट्रेड डाउन.

वीस माणसं माझ्याकडे वळली. कुत्र्यांनी मुखवटे वर केले. जणू मीच संध्याकाळी कचरा ठेवायला गेलो असताना फोन लावला होता. जॅक्सनव्हिलने हंटरला घेतलं, तो स्टेजवर आला, आणि आबा हळूच खाली बसले. म्हणाले, "तुला हवं होतं ना हे, पोरा?" मी तोंड उघडलं, पण दोन महिने एकाच वाक्यावर जगल्यामुळे दुसरं काही येईना.

"काय झालं?" आईने विचारलं.

"ताट आलं होतं, ते शेजारच्या पंगतीला वाढलं. यांना आता थोडं खालचं, आणि पुढच्या वर्षी एक."

"अगो बाई," आई म्हणाली, आणि साबुदाणा वड्यांची थाळी उचलून आबांपुढे धरली. "खा म्हणावं. उपासाचंच आहे."

आबांनी एक खाल्ला. मग दुसरा. पुढचे दोन नंबर गेले तोवर सहा झाले. कार्टरला तिसऱ्या नंबरला न्यूयॉर्कने उचललं, तेव्हा जावईही थाळीकडे सरकले.

पाचव्या नंबरला ब्राउन्सनी मेसन ग्रॅहमला घेतलं, डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे मधोमध उभा राहणारा बुरूज. पोरगा दणकट आहे, कुणाचं दुमत नव्हतं. पण कॉलेज मिशिगन!

याची कल्पना बाहेरच्याला यायची नाही. आमच्या आजीने जन्मात कधी आजोबांचं नाव घेतलं नाही, तसं ओहायोत मिशिगनचं घेत नाहीत. "उत्तरेकडची ती टीम" म्हणतात. दोघांच्या सामन्याच्या आठवड्यात ओहायो स्टेट विद्यापीठाच्या आवारातल्या पाट्यांवरच्या प्रत्येक एम अक्षरावर लाल फुली मारतात. 2024 च्या नोव्हेंबरात याच मिशिगनने ओहायो स्टेटला त्यांच्याच घरी 13-10 असं हरवलं होतं, आणि आता त्यांचा बुरूज आबांच्या घरात. तळघरात सुतक पसरलं. एक माणूस मात्र गालातल्या गालात हसत होता. जावई! मूळचे मिशिगनचे. सासऱ्यांपुढे अकरा वर्षं मान खाली घालून वावरलेला तो माणूस त्या रात्री पहिल्यांदा ताठ बसला.

शुक्रवारी द्वादशी. आईने सकाळी पारणं केलं. रात्री मी जायचं नाही असं ठरवलं होतं, पण आबांचाच फोन, "तुझ्या आईला घेऊन ये. आणि ते गोल घेऊन ये." गोल म्हणजे वडे. दुसऱ्या राउंडमध्ये आधी युसीएलए कॉलेजचा कार्सन श्वेसिंजर आला, ज्याच्याबद्दल दोन महिन्यांत या गल्लीत चकार शब्द निघाला नव्हता. आणि मग 36 वा नंबर, जॅक्सनव्हिलकडून मिळालेला. त्यावर घेतलं क्विन्शॉन जडकिन्सला. ओहायो स्टेटचा! राष्ट्रीय विजेतेपद जिंकलेल्या टीमचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा. आबांनी आईच्या हातात हात घेऊन चक्क फुगडी घातल्यासारखं केलं. चौऱ्याहत्तर आणि बहात्तर, दोघांच्या गुडघ्यांचा मला घोर. मागोमाग 67 ला हॅरल्ड फॅनिन, हा तर शेजारच्या कँटन गावचा. मला अचानक दोन बिअर मिळाल्या. ट्रेड डाउन ही किती दूरदृष्टीची गोष्ट आहे ते न्हावी सगळ्यांना समजावून सांगू लागला.

न्हाव्याचं खरं पारणं मात्र शनिवारवर गेलं. शुक्रवारी 94 नंबरला ब्राउन्सनी क्वार्टरबॅक घेतला तो ऑरेगनचा डिलन गेब्रियल. सँडर्सचं नाव दोन दिवस कुणी पुकारलं नव्हतं. त्याचे वडील डीऑन सँडर्स, स्वतः थोर खेळाडू आणि कॉलेजात त्याचे कोचही तेच, हे ऐकल्यावर आईला उलगडा झाला. "मास्तरांचा मुलगा मास्तरांच्याच वर्गात. त्याला खरे मार्क किती, कुणाला कळणार?" मला माझे आठवले. बाबा माझे दोन कापायचे, लोकांनी बोलू नये म्हणून.

शनिवारी दुपारी, पाचव्या राउंडमध्ये, 144 नंबरला ब्राउन्सनी सँडर्सला घेतलं. ज्याला दुसऱ्या नंबरला घ्यावं म्हणून माझे केस दोन महिने एका बाजूने जास्त कापले गेले, तो एकशे चव्वेचाळिसाव्याला! न्हावी आनंदाने रडला की रागाने, हे त्यालाही सांगता आलं नाही. आता एकाच ड्राफ्टमधले दोन क्वार्टरबॅक. आबांनी चष्मा पुसला आणि वहीचं नवं पान काढलं. वर तारीख घातली, 2026.

"आपले दोन हक्क आहेत पुढच्या वर्षी," ते म्हणाले. "एक आपला, एक जॅक्सनव्हिलचा. म्हणजे आता दर रविवारी जॅक्सनव्हिल हरायला पाहिजे. ते जितके हरतील तितकी आपली पाळी वर. तुझ्या आईला सांग, तिचा देव बरा दिसतोय, जरा शब्द टाक म्हणावं."

मी आईला सांगितलं. ती वड्यांची रिकामी थाळी पुसत होती. तिने जिना चढेपर्यंत उत्तर दिलं नाही. रस्ता ओलांडताना मात्र माझं कोपर धरून हळूच म्हणाली, "अरे, जॅक्सनव्हिललाच ना आपल्या शकूमावशीची नात दिली? जावई बघायला जातो म्हणे तिथले सामने. त्यांचं कसं वाईट चिंतू?"

"मग आबांना काय सांगू?"

"सांग, आईने विचार केलाय," ती म्हणाली. "आणि ते तुझं इंग्रजी वाक्य आहे ना, डोळे बारीक करून म्हणतोस ते? मला पण शिकव."