होर्टन २२९: 'अदृश्य' विमानाच्या गप्पा

"हिटलरकडे रडारला न दिसणारं लढाऊ विमान तयार होतं. अजून सहा महिने मिळाले असते तर युद्ध फिरलं असतं. अमेरिकेनं तेच पळवून बी-२ बनवलं." दुसऱ्या महायुद्धातल्या होर्टन २२९ या जर्मन जेट विमानाच्या फोटोखाली हा मजकूर सतत फिरत असतो. विमान देखणं आहे, यात वाद नाही. वाद वरच्या तिन्ही वाक्यांशी आहे.

आधी 'अदृश्य'. हा आकार मुळात वेग आणि पल्ल्यासाठी निवडलेला. जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोरिंग याची अट होती हजार किलो बॉम्ब, हजार किलोमीटर पल्ला आणि ताशी हजार किलोमीटर वेग. त्या काळची जेट इंजिनं इंधन नुसती ढोसायची. मग शेपूटच काढून टाकून हवेचा अवरोध कमी करायचा, हा वाल्टर आणि रायमार होर्टन या भावांचा हिशेब. प्लायवूडच्या गोंदात कोळशाची पूड घालून रडारलहरी शोषायच्या होत्या, हे रायमारनं सांगितलं ते थेट १९८० च्या दशकात, स्टेल्थची, म्हणजे रडार चुकवणाऱ्या विमानांची, कुजबुज सुरू झाल्यावर! उरलेल्या विमानाचं लाकूड पुढे तपासलं, त्यात कोळशाचा पुरावा मिळाला नाही. बी-२ बनवणाऱ्या नॉर्थ्रप ग्रुमन कंपनीनं तर पूर्ण आकाराची प्रतिकृती बांधून रडारसमोर उभी केली. निष्कर्ष असा की ब्रिटनच्या 'चेन होम' रडारला मेसरश्मिट १०९ हे जर्मनीचं नेहमीचं लढाऊ विमान जर १०० किलोमीटरवर दिसलं, तर हे साधारण ८० वर दिसलं असतं. फायदा आहे, पण याला अदृश्य म्हणत नाहीत. लाकडी कातडीखाली पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि समोर दोन इंजिनांची उघडी तोंडं असल्यावर आणखी काय होणार?

बी-२ या अमेरिकेच्या बिनशेपटीच्या स्टेल्थ बॉम्बफेकी विमानाचं म्हणाल, तर नॉर्थ्रप कंपनीचे संस्थापक जॅक नॉर्थ्रप यांचं बिनशेपटीचं एन-१एम १९४० मध्येच अमेरिकेत उडालं होतं. त्यांच्याच वायबी-४९ या पुढच्या बिनशेपटी विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत १७२ फूट, बी-२ चेही तेवढेच. घरात असलेलं कोण चोरायला जातं?

राहिले सहा महिने. आराखडा बीएमडब्ल्यू इंजिनांसाठी होता, हाती आली जाडजूड युमो ००४. मधला भाग नव्यानं आखावा लागला. इंजिनांसह पहिलं उड्डाण २ फेब्रुवारी १९४५ ला झालं. १८ तारखेला एक इंजिन बंद पडलं, विमान कोसळलं आणि वैमानिक एर्विन झिलर गेला. इंजिनावर उडालेलं होर्टन २२९ तेवढं एकच. पुढचं जर्मनीतल्या फ्रीड्रिखरोडा गावी अर्धवट अवस्थेत अमेरिकनांच्या हाती लागलं. आणि समजा, पूर्ण झालं असतं तरी काय? मेसरश्मिट २६२ जेट जर्मनीनं १,४०० च्या आसपास बांधली होती. इंधन आणि तयार वैमानिकांअभावी त्यातली बरीचशी जमिनीवरच राहिली.